खांबाआडचा गोल

नागापूर, अहमदनगर
१५ सप्टेंबर १९९८

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम.

चेंडू आत होता.

बाकी खुशाली खाली लिहितो, आधी हे लिहून मोकळा होतो. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि माझं वाक्य अर्धंच राहतं. कागद निदान मधे तोंड घालत नाही.

रविवारी तुझ्या सामन्याला मी मुद्दाम उघड्या बाजूला बसलो. तुझ्या क्लबच्या माणसाने छपराखालचा पास दिला होता, तो मी एका म्हाताऱ्याला देऊन टाकला. मला गोलरेषेच्या अगदी सरळ रेषेत बसायचं होतं. आठवडाभर कारखान्यात मशीन आणि रविवारी नगरच्या मैदानावर शिट्टी, यात जन्म गेला. रेफरीची खोड जात नाही. दुपारभर टाळकं तापलं, पण रेषा लख्ख दिसत होती.

सामना संपत आला होता, तुम्ही एका गोलने पुढे होता. कोलंबोच्या नऊ नंबरवाल्याने डोक्याने चेंडू मारला. तो आडव्या दांड्याला खालून लागला आणि आत पडला. रेषेवर नाही, आत. रेषा आणि चेंडू यांच्यामधे मला हिरवं गवत दिसलं, महेंद्र. तू झेप टाकून तो बाहेर ओढलास आणि छातीशी कवटाळलास. रेफरी लांब होता, त्याच्यापुढे माणसांची गर्दी. लाईन्समनचा झेंडा खालीच राहिला. तुम्ही जिंकलात आणि लोकांनी तुला खांद्यावर घेतलं.

एसटी स्टँडवर तू मला सोडायला आलास, वडापाव खाऊ घातलास. तुझा चेहरा एवढा खुलला होता की माझी जीभच उचलली नाही. आता घरी बसून लिहितोय.

मला एकच विचारायचं आहे. तुला तेव्हा कळलं होतं का?

तुझी आई बरी आहे. रश्मीचं कॉलेज ठीक चाललंय. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
रंभाजी


दर्यावर्दी क्लब वसतिगृह, मुंबई
१८ सप्टेंबर १९९८

ती. आबांस,
सविनय जयभीम.

तुम्हाला पेपरातली कात्रणं पाठवावीत म्हणून मी मोठं पाकीट आणून ठेवलं होतं. तेवढ्यात तुमचं पत्र आलं. पाकीट तसंच पडलंय.

आबा, एकीकडे भारताचा लीग विजेता, दुसरीकडे लंकेचा लीग विजेता, आशियातल्या क्लबांच्या चषकाचा सामना, गोलात तुमचा मुलगा, आणि तुम्हाला दिसलं काय? तर गवत! नगरहून एवढ्या लांब गवत बघायला आला होता का?

मी चौदा वर्षांचा असताना भिंगारच्या मैदानात तुम्ही माझ्याच विरुद्ध पेनल्टी दिली होती. मी रडत म्हणालो, आबा, मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. तर सगळ्या पोरांपुढे तुम्ही म्हणालात, "मैदानात मी तुजा बाप न्हाई, रेफरी हाय. शिट्टी वाजली, इषय संपला." संपला ना विषय? मग माझ्या बाजूने लागलेला निकाल कशाला उकरून काढता? परवा शिट्टी वाजली नाही. म्हणजे गोल नाही. हे तुमचंच शिक्षण आहे.

चार ऑक्टोबरला परतीचा सामना कोलंबोत आहे. दोन्ही सामन्यांचे गोल एकत्र धरतात, त्यामुळे तिथं नुसती बरोबरी झाली तरी आम्ही पुढच्या फेरीत. किती वर्षं मी बाकड्यावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, तुम्हाला माहीत आहे. यंदा कुठं गोल माझ्या ताब्यात आला. क्लब मला पुढे ठेवणार की नाही, हे कोलंबोवर ठरेल. अशा वेळी बापाने पाठीवर हात ठेवायचा की पाठीत खडा मारायचा?

तुम्ही विचारलंत, कळलं होतं का. गोलकीपर चेंडू बघतो, रेषा बघत नाही. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

आपला,
महेंद्र


नागापूर
२१ सप्टेंबर १९९८

चि. महेंद्र यास,
जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात सगळं आहे, फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. गोलकीपर रेषा बघत नाही हे खरं. त्याला ती पाठीने कळते. हे तुला शिकवलं कोणी?

भिंगारच्या पेनल्टीचं म्हणशील, तर त्या दिवशी मी चुकलोही असेन. पण मला जे दिसलं तेच दिलं. दिसलेलं दडवलं नाही. शिट्टी मैदानातलं भांडण मिटवायला असते. ज्याला खरं ठाऊक आहे त्याच्या मनातलं ती कशी मिटवणार?

माझ्या बापाला गावाने जे नाव ठेवलं होतं ते चारचौघांत उच्चारायची त्याला लाज वाटायची. दीक्षेनंतर तू घरातला पहिला नातू. विहारात तुझं नाव महेंद्र ठेवलं तेव्हा म्हातारा ते नाव दिवसभर घोळवत होता, घरात तू झोपलेला असताना उगाच हाका मारत होता. सम्राट अशोकाचा महेंद्र लंकेला गेला तो धम्म घेऊन. आता आमचा महेंद्र निघालाय. तो काय घेऊन निघालाय? त्यांच्याच ताटातून उचललेला गोल.

मी तुला हरायला सांगत नाही. मुंबईचा निकाल लागला तो लागला, तो आता कुणी फिरवणार नाही. तिथं गेल्यावर त्या नऊ नंबरवाल्याला गाठ आणि एवढंच सांग की तुझा चेंडू आत होता. हे तुझ्याने झालं तर मला पत्र लिही. होणार नसेल तर लिहू नकोस.

रंभाजी


नागापूर
२४ सप्टेंबर १९९८

प्रिय महेंद्रदादा,

आई सांगतेय तसं लिहितेय. एकही शब्द बदलायचा नाही, अशी ताकीद आहे.

"लेकरा, तुज्या आबानं शिट्टी खुंटीला टांगली. रविवारी पोरं बोलवाया आली, तर म्हनला मला बरं न्हाई. बरं न्हाई कसलं, दोन भाकरी खाऊन बसला हुता! लगीन न्हाई की मयत न्हाई, आन रविवारी घरी बसलेला मी त्याला पैल्यांदा बगितला. मी लई खोदून इचारलं. तवा म्हनला, माज्या पोराचा गोल मी गिळून बसलोय, दुसऱ्याच्या पोरांचा कंच्या तोंडानं देऊ? मला तुमच्या चेंडूतलं काय बी कळत न्हाई. आत हुता का भाईर हुता, तुमचं तुमी बगा. मला तुमी दोगं एका ताटाला बसलेलं पायजे.

तिकडं बाँब फुटत्यात म्हनं. गर्दीत शिरू नको. आन माजं एक काम कर. तिथं बोधिवृक्ष हाय, त्याचं एक पान आन. तोडायचं न्हाई, खाली पडलेलंच उचलायचं. मी समद्या वस्तीला सांगून ठेवलंय, माजा महेंद्र लंकेवरनं पान आननार. इसरू नको. तुजी आय."

आता हे माझं. दादा, आबा घरात फार कमी बोलतात. विहारात पंचशील म्हणताना सगळ्यांच्या पुढे त्यांचाच आवाज असतो, तुला माहीत आहे. पण चौथ्याला, 'खोटं बोलणार नाही' या शीलाला, ते गप्प होतात आणि पाचव्याला पुन्हा सुरू करतात. आई म्हणते त्यांना खोकला झालाय. खोकलाबिकला काही नाही.

तुझी,
रश्मी


मुंबई
२८ सप्टेंबर १९९८

ती. आबांस,
जयभीम.

लिहू नकोस म्हणालात, तरी लिहितोय. हे शेवटचं.

सांगतो, सरावात काय चाललंय. लहान पोरानेही धरावेत असे चेंडू माझ्या हातून निसटताहेत. काल एक साधा, जमिनीवरून घरंगळत आलेला चेंडू सुटला. आमचा कॅप्टन सावियो म्हणाला, महेंद्र, हातांना तेल लावून आलास का? सगळे हसले. मी खोलीत येऊन हात पुढे धरून बघितले. कापतात, आबा. तुमचं पहिलं पत्र आल्यापासून कापतात. चेंडू समोरून येतो आणि मला चेंडूऐवजी उन्हात बसलेले तुम्ही दिसता.

ज्या माणसाने माझ्या हातात पहिला चेंडू दिला त्यानेच हे हात बांधून टाकलेत. कोलंबोत माझ्या हातून चेंडू सुटला आणि आम्ही हरलो, तर ते तुमच्या नावावर. रेफरीला निकाल द्यायची फार हौस ना? मग हाही निकाल लिहून घ्या.

मी कुणाला गाठणार नाही आणि कुणाला काही सांगणार नाही. आईला सांगा, पान आणायला जमणार नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे माझे हात चोराचे, त्या हातांनी पान कशाला उचलू?

परवा निघतोय.

महेंद्र


कोलंबो
५ ऑक्टोबर १९९८

ती. आबांस,
सविनय जयभीम.

चेंडू आत होता. दोन्ही वेळा.

तुम्ही पहिल्या ओळीत लिहिलं होतं, म्हणून मीही पहिल्याच ओळीत लिहिलं. आता सगळं नीट सांगतो.

इथं मैदानाच्या दारात वाळूच्या गोण्या रचल्यात आणि मागे बंदुका घेतलेले जवान. आमचे बूटसुद्धा तपासून आत सोडले. लोक मात्र तुडुंब. सामन्याआधी आमची नावं पुकारली. माझं नाव पुकारणाऱ्याने 'महिंद' असं घेतलं आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. पाहुण्या संघात आपल्या नावाचा माणूस बघून त्यांना आनंद झाला होता. सावियो म्हणाला, काय रे, इथं तुझे नातेवाईक आहेत का? मला कुठं तोंड लपवू असं झालं.

तो नऊ नंबरवाला, पालिता त्याचं नाव, रांगेत माझ्यासमोर आला. हात मिळवला आणि पुढे गेला. बोलायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो.

हात कापले नाहीत, आबा. खेळ सुरू झाला आणि थांबले. पहिल्या अर्ध्यात मी तीन चेंडू असे अडवले की तुम्ही असता तर तुम्हीही खुर्ची सोडली असती. उत्तरार्धात त्यांनी एक गोल केला, तो चांगलाच होता, त्याला कुणीच अडवू शकलं नसतं. म्हणजे मुंबईत आमचा एक, इथं त्यांचा एक. जादा वेळ सुरू झाला. पाऊस आला, गोलासमोर नुसता चिखल. ती वेळ संपत आली होती. तशीच संपली असती तर पेनल्ट्या होत्या, आणि पेनल्टीत मी कुणाला भीत नाही.

तेवढ्यात चेंडू आला. पालितानेच मारला होता. चिखलात टप्पा पडून तो माझ्या पोटाखालून सरकला. मी मागच्या मागे हात टाकून ओढून घेतला आणि त्याच्यावर पडून राहिलो. पाठीला कळलं. तुम्ही म्हणता तसंच कळलं. माझ्या अंगावर आमचे दोघे पडलेले, लाईन्समनला काही दिसलं नाही. रेफरीने हात हलवले, गोल नाही, खेळा.

त्यांची सगळी माणसं रेफरीकडे धावली. पालिता धावला नाही. मुंबईत तो जीव तोडून ओरडला होता. या वेळी माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग नव्हता. हा माणूस आता काय करणार ते आपल्याला ठाऊक आहे, असं तो बघत होता. आबा, ते मला सहन झालं नाही.

तुमच्या पत्रांमुळे मी बोललो असं समजू नका, पत्रं आठवायला तेवढा वेळ कुठं होता? मी उठलो, हात वर केला आणि रेफरीला म्हणालो, "गोल, सर." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी परत म्हणालो. सावियोने माझी कॉलर धरली, मागून कुणीतरी शिवी हासडली. रेफरीने शिट्टी वाजवली आणि मधल्या वर्तुळाकडे बोट केलं.

आम्ही हरलो. खोलीत सगळे आपापले बूट काढत होते, माझ्याकडे कुणी बघेना. कोच एवढंच म्हणाला, "मुंबईला गेल्यावर तुझं सामान घेऊन जा." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दहा जणांची वर्षाची मेहनत मी एका शब्दात घालवली. सावियो कोपऱ्यात तोंडावर टॉवेल घेऊन रडत होता.

बाहेर पालिता उभा होता. मी मोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं, मुंबईचाही आत होता. तो म्हणाला, "मला माहीत आहे." आणि हात जोडून गेला.

आज पौर्णिमा आहे. माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून केलनियाच्या विहारात एकटाच गेलो. माणसंच माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, आपल्याकडे असतात तशीच. तिथं बोधिवृक्ष आहे. खाली एकही पान नव्हतं, झाडून लख्ख केलेलं. मी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने एक पडलं. आईला सांगा.

आपला,
महेंद्र


नागापूर
७ ऑक्टोबर १९९८

चि. महेंद्र यास,
सप्रेम जयभीम.

हे पत्र वसतिगृहावर पाठवतोय, म्हणजे तू मुंबईला पोचशील तेव्हा ते तुझ्या आधी तिथं असेल.

पेपरात तीन ओळी आल्या. गोलकीपरच्या हातून चेंडू सुटल्याने पराभव, अशा. मी त्या कंपनीच्या दारात चहाच्या टपरीवर वाचल्या आणि तसाच बसून राहिलो. आत भोंगा झाला तरी उठलो नाही. तू लिहिलंच होतंस, चेंडू सुटला तर ते तुमच्या नावावर. माझ्याच नावावर आहे, पोरा. तुझे हात मी कापवले. पहिल्यांदा तुझ्या हातात चेंडू दिला तेव्हा तुझी बोटं चेंडूवर पुरत नव्हती, आणि इतक्या वर्षांनी तेच हात मी माझ्या हेकेखोरपणाने निकामी केले. तुझी आई माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आता जे लिहितो ते नीट वाच.

तो मुंबईचा चेंडू मला दिसला नव्हता. माझ्यापुढे खांब होता. खांबाआडून मी नुसता अंदाज केला, आणि रेफरीच्या घमेंडीत तो तुझ्यावर लादला. गवतबिवत मला काही दिसलं नाही. चेंडू बाहेरच असणार. तू धरलास तो बरोबर धरलास. तू कुणाचं काही उचललेलं नाहीस. विहारातही मी हेच सांगणार आहे, की खांबामुळे रंभाजीला नीट दिसलं नाही आणि त्याने लेकाला उगाच छळलं.

मनाला काही लावून घेऊ नकोस. क्लबने काढलं तर काढू दे. पानाचं राहिलं तर राहू दे, आईची समजूत मी घालतो. तू फक्त घरी ये.

तुझा बाप,
रंभाजी


मुंबई
९ ऑक्टोबर १९९८

ती. आबांस,
साष्टांग जयभीम.

आज दुपारी आलो. सामान बांधताना रखवालदाराने तुमचं पत्र आणून दिलं. ट्रंकेवर बसून वाचलं आणि मग बराच वेळ काही बांधता आलं नाही.

मी कोलंबोहून एक पत्र टाकलंय. ते लंकेचं टपाल, कधी पोचेल सांगता येत नाही. कदाचित त्याच्या आधी मीच पोचेन. त्यात सगळं आहे, म्हणून इथं परत लिहीत नाही. एवढंच सांगतो, की पेपराने अर्धंच छापलंय, माझे हात कापले नव्हते आणि तुमच्या नावावर काहीही नाही.

पण आबा, खांब?

तुम्ही उघड्या बाजूला बसला होता. पहिल्याच पत्रात तुम्ही स्वतः लिहिलंय, पास देऊन टाकला आणि टाळकं तापलं. एसटी स्टँडवर तुमचं टक्कल टोमॅटोसारखं लाल झालं होतं, मी बघितलं होतं. त्या बाजूला छप्परच नाही, तर खांब कुणी आणि कशाला रोवला? जन्मात पहिल्यांदा खोटं बोललात आणि तेही इतकं कच्चं! खोटं बोलायलासुद्धा सराव लागतो, तो तुम्हाला नाही. माझ्यासाठी तुम्ही तेही केलंत, हे वाचून मी ट्रंकेवर बसून रडलो, हे मात्र आईला सांगू नका.

विहारात खांबाचं काही सांगू नका. अजून सांगितलं नसेल तर बरं, सांगितलं असेल तर मी आल्यावर दोघं मिळून निस्तरू.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. आईचं पान वहीत दाबून ठेवलंय, एक कोपरा थोडा दुमडलाय. पोरांना निरोप द्या, भिंगारला सामना ठेवा. शिट्टी खुंटीवरून काढून ठेवा. मी गोलात उभा राहीन. तुम्ही रेषेपासून कितीही लांब असलात आणि मधे कितीही माणसं आली तरी चालेल. चेंडू आत गेला का, ते मला विचारा.

तुमचा,
महेंद्र